बॅटरीवर चालणारे ड्रिल आणि ग्राइंडर: घरासाठी निवड, वापर आणि इजा झाल्यास काय करावे

पडद्याचा रॉड लावायचा असतो, देव्हाऱ्यासाठी फळी बसवायची असते, आरसा टांगायचा असतो. अशा दोन-चार भोकांसाठी सुतार किंवा इलेक्ट्रिशियन यायला तयार नसतो आणि आला तर त्याच्या सवडीने येतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारे ड्रिल आता बऱ्याच घरांत आले आहे. काही जण त्याच डब्यात मिळतो म्हणून ग्राइंडरही घेतात. स्वतः काम करण्यात गैर काही नाही. उलट निवृत्तीनंतर हाताला आणि डोक्याला असा उद्योग असणे चांगलेच.

पण डॉक्टरच्या नजरेतून या हत्यारांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. वायरच्या ड्रिलमध्ये एक सुरक्षा आपोआप मिळत होती. बिट बदलायचे असेल, काम संपले असेल तर माणूस पिन सॉकेटमधून काढायचा. पिन काढली की ते ड्रिल म्हणजे नुसते लोखंड आणि प्लॅस्टिक. बॅटरीच्या ड्रिलला ती पिन नाही. बॅटरी बसलेली आहे तोपर्यंत ते सॉकेटला लावलेलेच आहे, बटणही चालूच आहे, असे समजा. ते पिशवीत असो, पलंगावर असो, नाहीतर पाच वर्षांच्या नातवाच्या हातात. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: बिट किंवा चकती बदलताना, अडकलेले बिट सोडवताना, हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना आणि कपाटात ठेवताना बॅटरी आधी काढायची. बॅटरी एका जागी, हत्यार दुसऱ्या जागी, आणि बॅटरी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात.

विकत घेताना मनगटाचा विचार करा

दुकानात किंवा ऑनलाइन जाहिरातीत व्होल्टचा आकडा मोठा करून लिहिलेला असतो. घरगुती हत्यारे साधारण दोन गटांत येतात, १२ व्होल्ट आणि १८ व्होल्ट. काही कंपन्या '२० व्होल्ट' लिहितात, ते बहुतेक वेळा १८ व्होल्टचेच असते. आत लिथियम-आयनचे पाच सेल असतात, प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर काही वेळ प्रत्येक सेल ४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून २०. स्वस्त संचांवर ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेले दिसतात. आत बहुधा तेच पाच सेल असतात. जो विक्रेता बाहेरच्या आकड्यात अशी फुगवाफुगवी करतो, त्याने आतले सुरक्षा सर्किट तरी नीट बसवले असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या हाताला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. तो म्हणजे टॉर्क, पीळ देण्याची ताकद. हा न्यूटन-मीटरमध्ये लिहितात. १२ व्होल्टच्या ड्रिलचा टॉर्क साधारण ३० न्यूटन-मीटर असतो, १८ व्होल्टचा ५० किंवा त्याहून जास्त. समजा, बिट लाकडाच्या गाठीत किंवा भिंतीतल्या सळईत अचानक अडकले. मोटर थांबत नाही. बिट फिरू शकत नाही म्हणून ड्रिलच उलटे फिरू पाहते. चकपासून १५ सेंमी अंतरावर तुमची मूठ असेल तर ५० न्यूटन-मीटरचे ड्रिल त्या मुठीला ३० किलोहून अधिक जोराचा झटका देते, तोही तुम्ही तयार नसताना. मनगट मुरगळणे, अंगठ्याचा सांधा दुखावणे, कधी बोटाचे हाड मोडणे, असे यातून होते. शिडीवर उभे असाल तर तोल जातो.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. घरात फर्निचर जोडणे, लाकडात स्क्रू बसवणे, बिजागरी घट्ट करणे एवढेच काम असेल तर १२ व्होल्टचे लहान ड्रिल-ड्रायव्हर घ्या. ते हलके असते, लहान हाताच्या मुठीत बसते आणि अडकले तरी हात ते सांभाळू शकतो. घरातल्या बाईने ते वापरायचे असेल तर विकत घेताना तिच्याच हातात देऊन पाहा. विटांच्या भिंतीत भोके पाडायची असतील तर १८ व्होल्टचे हॅमर-ड्रिल लागते. ते घेतल्यास सोबत बाजूची मूठ येते का ते बघा आणि ती प्रत्येक वेळी लावा. ती मूठ अनेकांच्या घरी खोक्यातच राहते.

चकच्या मागे आकडे लिहिलेली एक कडी असते, तिला क्लच म्हणतात. ठरावीक पिळापेक्षा जास्त जोर लागला की क्लच कटकट आवाज करत सुटतो आणि मनगट वाचते. स्क्रू बसवताना लहान आकड्यावर सुरुवात करा, स्क्रू पूर्ण जात नसेल तर एकेक आकडा वाढवा. ड्रिलच्या चित्रावर किंवा हातोडीच्या चित्रावर कडी ठेवली की क्लच बंद होतो, म्हणजे सगळा पीळ हातावर. स्क्रू बसवताना कडी चुकून तिथेच राहिलेली नाही ना, हे दरवेळी पाहून घ्या.

आणि आरसीसीच्या बीममध्ये किंवा स्लॅबमध्ये भोक पाडायचे असेल? तिथे साधे हॅमर-ड्रिल रेटत बसू नका. त्यासाठी रोटरी हॅमर हे वेगळे यंत्र असते. सुरुवातीला काय भुकटी पडते ते पाहिले की भिंत कळते: लालसर असेल तर वीट, करडी आणि बिट पुढेच जात नसेल तर काँक्रीट, पांढरट आणि बिट लोण्यासारखे आत जात असेल तर हलक्या ब्लॉकची भिंत. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यात भुकटी लालच पडते, पण मध्येच कठीण खडा लागून बिट वाकडे जाते. काँक्रीटवर अंगाचा भार टाकून लहान ड्रिल दाबणाऱ्याचे बिट तुटते आणि दाबणारा हात तसाच भिंतीवर आदळतो. एका भोकासाठी माणूस बोलवा किंवा यंत्र भाड्याने आणा.

ग्राइंडरबद्दल स्पष्ट मत

घरातल्या सर्व हत्यारांत ज्याची मला खरी धास्ती वाटते ते हे. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. चकतीचा तुकडा उडाला तर तो या वेगाने उडतो. बॅटरीच्या ग्राइंडरचा वेग काहीसा कमी असू शकतो, पण डोळ्याला, गालाला आणि मानेला त्या फरकाने काही दिलासा नाही.

वर्षातून एकदा खिडकीचा गंजलेला बोल्ट कापायचा असेल तर साधी हॅकसॉ करवत आणि अर्धा तास पुरतो. तरीही ग्राइंडर घ्यायचाच असेल तर पकड सोडली की बंद होणारा, म्हणजे पॅडल बटणाचा घ्या. सरकवून अडकवायच्या बटणाचा ग्राइंडर हातातून पडला तर फिरत फिरतच पडतो, मांडीवर किंवा पावलावर. बटण चालू राहिलेल्या यंत्रात बॅटरी घातली तर ते एकदम सुरू होऊ नये, अशी सोयही काही मॉडेलमध्ये असते. थोडे जास्त पैसे देऊन ती घ्यावी.

चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. तो तुमच्या यंत्राच्या वेगापेक्षा जास्तच हवा. लोखंड कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीखही असते, कारण तिला धरून ठेवणारे रेझिन जुने झाल्यावर आणि ओलाव्याने कमकुवत होते. पावसाळ्यात गॅलरीत पडून राहिलेली चकती टाकून द्या. कापायच्या पातळ चकतीची बाजू घासायला वापरू नका. गार्ड कधीही काढू नका. 'गार्ड काढल्याशिवाय मोठी चकती बसत नाही' हे गार्ड काढण्याचे कारण नसून ती चकती न लावण्याचे कारण आहे. आणि लाकूड कापायचे दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणे पूर्णपणे टाळा. दाते लाकडात अडकतात, यंत्र उसळी घेऊन वापरणाऱ्याकडे येते, आणि त्याने होणारी जखम सरळ रेषेत शिवता येईल अशी नसते.

रिकाम्या थिनरच्या किंवा रंगाच्या डब्याला ग्राइंडर लावू नका. आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते.

भोक पाडण्याआधी

बॅटरीच्या ड्रिलने शॉक लागत नाही, हा गैरसमज आहे. ड्रिलमधून लागत नाही; भिंतीतल्या वायरमधून लागू शकतो. बिट आणि चक धातूचे असतात. कन्सील्ड वायरिंग बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवे गेलेले असते, म्हणून बोर्डाच्या आणि दिव्याच्या पॉइंटच्या त्या पट्ट्यात भोक पाडू नका. पाडायचेच असेल तर मेन स्विच बंद करा. इथे बॅटरीच्या हत्याराचा खरा फायदा आहे: घरची वीज बंद असतानाही ते चालते. बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइप कुठून गेलेत हेही आधी विचारून घ्या.

पडद्याच्या रॉडच्या कामात भोकापेक्षा जास्त धोका स्टुलाचा असतो. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चवड्यांवर उभे राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून ड्रिल रेटणे म्हणजे पडण्याची तयारीच. साठीच्या पुढच्या माणसाचा पडल्यावर खुबा मोडला तर महिनोन्‌महिने जातात. घडीची रुंद पायऱ्यांची शिडी घ्या, कंबर शिडीच्या आत राहील एवढेच वाका आणि दुसऱ्याला शिडी धरायला सांगा.

कपड्यांविषयी थोडक्यात. पदर, ओढणी, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, सैल बाही, गळ्यातला मफलर यांतले काहीही फिरत्या बिटाजवळ नको. अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. अंगठी अडकून बोटाची कातडी पूर्ण सोलली जाण्याची जखम एकदा पाहिली की विसरता येत नाही. सुती सैल हातमोजे ड्रिलबरोबर घालू नका. बिटात धागा गुंतला की तो बोटांना ओढून नेतो. लाकडाचा किंवा पत्र्याचा तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने भोक पाडण्याची सवय फार आहे. बिट पलीकडे जाते आणि पलीकडे तळहात असतो. सी-क्लॅम्प फार महाग नसतो. ड्रिलबरोबरच तो घ्या.

डोळा

चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. कण बाजूने आणि खालून येतात, डोक्याच्या वरच्या भोकातून तर सरळ भुवईवरून घरंगळत येतात. बाजू झाकणारा सुरक्षा गॉगल घ्या, त्यावर ईएन १६६ किंवा झेड ८७.१ असे मानक छापलेले असते. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा मिळतो. ग्राइंडरसाठी गॉगल आणि त्यावर चेहऱ्याचे पारदर्शक शील्ड, दोन्ही हवेत. शेजारी उभे राहून बॅटरी दाखवणाऱ्यालाही गॉगल हवा, हे मात्र जवळपास कोणीच पाळत नाही.

सिमेंट, चुना किंवा पीओपीची भुकटी डोळ्यात गेली तर चोळू नका. हे पदार्थ क्षारधर्मी असतात आणि बुबुळाचा पडदा भाजू शकतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. नळाच्या स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण वेदनेत दोन मिनिटेही पंधरा वाटतात. धुतल्यानंतर टोचणे, लाली किंवा अंधुक दिसणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

लोखंडाचा कण बुबुळावर चिकटला तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे तयार होऊ लागते. वर्कशॉपमध्ये रुमालाच्या टोकाने, कापसाच्या वातीने, काडीने असा कण काढून देणारा एखादा 'तज्ज्ञ' असतोच. त्याच्याकडे जाऊ नका. अशा ओरखड्यांतून जंतूंची आणि बुरशीची लागण होते, आणि बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहू शकतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. बधिर करणाऱ्या थेंबांनी दुखणे थांबते पण जखम भरत नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली जाते आणि बुरशी मात्र वाढते.

सर्वांत फसवी इजा वेगळी आहे. हातोडी, छिन्नी किंवा ग्राइंडरमधून उडालेला बारीक धारदार कण डोळ्याच्या आत शिरतो. बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र, दुखणे थोडेच, लाली थोडीच. माणूस झोपून सकाळी बघू म्हणतो. काम करताना 'टक्' असे काही लागले आणि नंतर दिसणे कमी झाले, बाहुलीचा आकार गोल न राहता लांबट झाला किंवा डोळ्यातून पाण्यासारखे काही आले, तर डोळा फुटला आहे असे समजून वागा. धुवू नका, दाबू नका, मलम किंवा थेंब घालू नका, रुतलेले काही दिसत असेल तर ओढू नका. कागदी कपाचे बूड डोळ्याला न टेकता, भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असे ठेवून चिकटपट्टीने बसवा. काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. लगेच अशा रुग्णालयात जा जिथे डोळ्यांची शस्त्रक्रिया होते. लोखंडाचे काम करत होतो, हे डॉक्टरांना सांगा. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय केल्यास चुंबकाने कण हलतो आणि आणखी इजा होते.

हात

ड्रिलच्या बिटाची जखम बाहेरून लहान आणि आतून खोल असते. रक्त थांबले म्हणजे झाले, असे नाही. जखमेच्या पुढचे बोट पूर्ण वाकते का, पूर्ण सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर स्नायूची दोरी किंवा नस तुटलेली असू शकते. ती पहिल्या काही दिवसांतच जोडता येते तेव्हा निकाल चांगला लागतो. महिन्याभराने 'बोट वाकत नाही' म्हणून आले तर काम फार अवघड होते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. दहा मिनिटे मध्ये उघडून पाहू नका. हळद, कॉफी, चहापत्ती, टूथपेस्ट भरू नका. जखम धुताना ती सगळी आम्हाला खरवडून काढावी लागते. बिट किंवा स्क्रू हातात रुतून बसला असेल तर ओढून किंवा ड्रिल उलटे फिरवून काढू नका. बॅटरी काढा, बिट चकमधून मोकळे करा आणि रुतलेल्या वस्तूसह दवाखान्यात या. दुखापत झालेल्या हातातली अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. लाकडाची कुसळे साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे 'एक्स-रे स्वच्छ आहे' असे कोणी म्हटले तरी कुसळ गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बोट तुटले तर काय करायचे, हे ग्राइंडर असलेल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे, कारण तेव्हा शोधायला वेळ नसतो. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलके धुवा, घासू नका. स्वच्छ ओलसर कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळा. ते कापड कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी गोठून मरतात, आणि थेट पाण्यात बुडवले तर फुगतात. जखमेवर दाब द्या, १०८ वर फोन करा आणि जिथे प्लॅस्टिक किंवा हाताचे सर्जन आहेत अशा रुग्णालयाला निघण्याआधी कळवा. तासन्‌तास थांबू नका, पण 'दोन तास झाले, आता उपयोग नाही' असेही समजू नका. नीट थंड ठेवलेले बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येते.

धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येक खरचटण्याला घ्यावे लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर मातीने-गंजाने मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तरच पुन्हा लागतो, स्वच्छ लहान जखमेसाठी दहा वर्षांपूर्वीचा असेल तर. डोस कधी घेतला हे आठवत नसेल तर घेऊन टाका.

कान आणि धूळ

८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाचे आठ तास चालतो असे मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटेच उरतात. विटेत चालणारे हॅमर-ड्रिल आणि ग्राइंडर या पट्ट्यात सहज जातात. दोन भोकांनी कोणी बहिरे होत नाही, पण दुपारभर काम असेल तर कानात फोमचे बोळे घाला. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा आहे.

धुळीत प्रश्न असतो सिलिकाचा. काँक्रीट, ग्रॅनाइट, फरशी कापताना जी पिठासारखी धूळ उडते ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या फरशी-कामगारांना यातून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड १ जुलै २०२४ पासून याच कारणाने बंद केला. घरी चार भोके पाडणाऱ्याला हा धोका फार कमी, पण घरात दमेकरी किंवा लहान बाळ असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसेल असा लावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. नंतर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरी फरशी कापायला कारागीर आला तर पाणी टाकत कापायला सांगा. चिखल होतो, होऊ द्या. कारागिराची फुप्फुसेही फुप्फुसेच आहेत.

दोन ठिकाणी विशेष जपा. जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात; ते ग्राइंडरने कापू नका. आणि भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या जुन्या ग्रिल आणि दारे घासताना शिसे असलेली भुकटी उडू शकते, आणि ती रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते.

बॅटरी

१८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत जवळपास चार मोबाइलच्या बॅटऱ्यांइतकी ऊर्जा असते. कंपनीचीच बॅटरी आणि कंपनीचाच चार्जर वापरा. बिछान्यावर, सोफ्यावर, घराच्या दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका आणि रात्री झोपताना लावून ठेवू नका. काम करून गरम झालेली बॅटरी थंड झाल्यावर लावा. उन्हातल्या गाडीत ठेवू नका. खिळ्यांच्या डब्यात सुटी टाकू नका, टोके जोडली गेली तर ती तापते. उंचावरून पडलेली, फुगलेली, विचित्र गोडसर वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

धूर निघू लागला तर उचलून बाल्कनीत टाकण्याचा पराक्रम नको. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ वर फोन करा. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. धूर छातीत गेलेल्याला तासाभराने खोकला किंवा धाप सुरू झाली तरी रुग्णालयात न्या. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडा, बर्फ नको. निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. टोकांना चिकटपट्टी लावून दुकानात किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

आधी डॉक्टरांना विचारावे असे काही जण

पेसमेकर असेल तर हत्यार आणि चार्जर छातीवरच्या यंत्रापासून किमान एक फूट दूर ठेवा, ड्रिल छातीने रेटू नका आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर छोटी जखमही बराच वेळ वाहते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कामच दुसऱ्याला द्या किंवा जास्त काळजी घ्या. फिट येत असेल तर ग्राइंडर आणि शिडी दोन्ही नको. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या गोळीने गुंगी येत असेल त्या दिवशी हत्यार काढू नका. दारू घेतल्यावर तर नाहीच. मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील तर काम संपल्यावर हात उजेडात धरून डोळ्यांनी तपासा, कारण लागलेले कळणार नाही. आणि थंडीत किंवा कंपनाचे हत्यार वापरल्यावर बोटे पांढरी पडून मुंग्या येत असतील तर ते रक्तवाहिन्या आखडल्याचे लक्षण असू शकते. हत्यार थांबवा आणि दाखवून घ्या.